पेसिंग (कमी अंतराच्या रस्ता-शर्यतीतील)

शर्यतीचे अंतर ठरवलेल्या वेळेत संपवण्यासाठी धावपटू आपली ताकद कुठे किती खर्च करतो, त्या नियोजनाला पेसिंग म्हणतात. मॅरेथॉनमध्ये शरीरातले ग्लायकोजेन (साठवलेली साखर) शेवटपर्यंत पुरवण्याची चिंता असते. ५ किंवा १० किलोमीटरला ते सहसा पुरून उरते. तिथे आधी साथ सोडतो तो दम, आणि स्नायूंत वाढत जाणारी आम्लता पाय जड करते.

वेग 'किलोमीटरला किती मिनिटे' असा सांगतात, हाच पेस. ५ किलोमीटर २५ मिनिटांत धावायचे तर पेस ५:०० हवा. आकडा उतरला की वेग चढला, यात नवखे हमखास गोंधळतात.

बहुतेकांची शर्यत पहिल्याच किलोमीटरला बिघडते, पण ते कळते तिसऱ्याला. सुटताना पाय ताजे असतात, गर्दी पुढे ओढते, अ‍ॅड्रिनलिन चढलेले असते. स्नायूंत आयते असलेले फॉस्फोक्रिएटिन हे झटपट इंधन पहिले काही सेकंद निभावून नेते. ऑक्सिजनचा वापर गरजेइतका वाढायला मिनिट-दोन मिनिटे लागतात, त्यामुळे वेग झेपण्यापलीकडचा असला तरी तेव्हा तो सोपाच वाटतो. २५ मिनिटांची कुवत असलेल्याने ४:४० आणि ४:५५ असे पहिले दोन किलोमीटर काढले, तर हाताशी २५ सेकंद जमा दिसतात. पुढचे तीन मात्र ५:१५, ५:२०, ५:१० असे घसरतात आणि वेळ लागते २५:२०. तोच धावपटू ५:०२, ५:००, ५:०२, ५:०२ असा संयमाने धावला आणि शेवटचा किलोमीटर ४:५४ ला काढला, तर बरोबर २५:०० होतात. 'आधी वेळ जमवून ठेवू' हा हिशेब म्हणूनच आतबट्ट्याचा.

दुसरा अर्धा भाग पहिल्यापेक्षा जलद धावणे म्हणजे नेगेटिव्ह स्प्लिट. धावपटूंत त्याचा फार गवगवा असला, तरी ५ किलोमीटरला सुरुवातीला फार हात राखून ठेवणेही महाग पडते, कारण गेलेले सेकंद भरून काढायला पुढे रस्ताच उरत नाही. समान पेस आणि शेवटी जोर हेच बहुतेकांना मानवते. ऑलिंपिकमध्ये ९ सुवर्णपदके मिळवणारा फिनलंडचा पावो नुर्मी १९२०च्या दशकात हातात स्टॉपवॉच घेऊन धावत असे, ते याच समान पेससाठी.

मधल्या किलोमीटरला लक्ष ढळते. तेवढाच वेग राखायला तिथे जास्त जोर लावावा लागतो. चढावर मात्र घड्याळापेक्षा श्वासाचे ऐकावे, पेस थोडा पडू द्यावा. उतारावर त्यातला काही भाग परत मिळतो, सगळा नाही. पेस अंगवळणी पडावा म्हणून सरावात ४०० मीटरच्या फेऱ्या काढतात. ५:०० च्या पेसला एक फेरी २ मिनिटांची.

जीपीएस घड्याळाची एक गोम ध्यानात घ्यावी लागते. प्रमाणित मार्ग वळणांच्या आतल्या कडेने, सर्वांत जवळच्या रेषेने मोजतात, शिवाय तो कमी भरू नये म्हणून हजारी एक मीटर जादा ठेवतात. वळणावर बाहेरून धावणाऱ्याचे अंतर आणखी वाढते. घड्याळात ५.०६ किलोमीटर भरले, तर ५:०० चा पेस दाखवूनही वेळ २५:१८ लागते. अशा मार्गावर घड्याळात ४:५६ दिसायला हवे.