रणांगणावरील तोफखान्याचे आरंभीचे छायाचित्रण

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास छायाचित्रकार कॅमेरा घेऊन युद्धभूमीवर जाऊ लागले. त्यांच्या चित्रांत तोफा आणि त्या चालवणारे गोलंदाज वारंवार दिसतात. त्याचे एक कारण अगदी साधे आहे: तोफ हलत नाही.

फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेली ओल्या कलोडियनची पद्धत तेव्हा प्रचारात होती. काचेवर कलोडियनचा चिकट थर ओतायचा, काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळण्याआधी अंधारात प्रतिमा उमटवायची. त्यासाठी तंबू किंवा बंदिस्त गाडी जवळ हवीच. प्रकाश काचेवर कित्येक सेकंद पडू द्यावा लागे; तेवढ्यात धावणारा शिपाई नुसता धूसर डाग होऊन जाई. तोफेला बत्ती दिली की काळ्या दारूचा धूर उरलेसुरले झाकून टाकी.

क्रिमियन युद्धात रॉजर फेंटन यांनी १८५५ च्या वसंतात साडेतीनशेच्या आसपास काचा तयार केल्या. त्यांची गाडी पूर्वी एका मद्यविक्रेत्याची होती. ‘मृत्युछायेची दरी’ या त्यांच्या विख्यात चित्रात माणूसच नाही. आहेत ते उतारावर विखुरलेले तोफगोळे. त्याच जागेच्या दुसऱ्या चित्रात रस्ता मोकळा आहे. गोळे चित्रासाठी रस्त्यावर मांडले की रस्त्यावरून उचलले, हा वाद पुढे बराच रंगला.

अमेरिकी यादवी युद्धात कॅमेरा तोफांच्या आणखी जवळ गेला. अँटिटमची लढाई १७ सप्टेंबर १८६२ रोजी झाली. त्यानंतर अलेक्झांडर गार्डनर यांनी डंकर चर्चजवळ घेतलेल्या चित्रात दारूगोळ्याच्या गाड्याभोवती दक्षिणेकडील बंडखोर राज्यांचे सैनिक मरून पडलेले आहेत आणि मागे ते पांढरे चर्च शांत उभे आहे. मृतांना कितीही सेकंद चालत होते. वर्षभराने, ८ सप्टेंबर १८६३ रोजी, चार्ल्स्टनचे जॉर्ज कुक यांनी सम्टर किल्ल्याच्या तटावरून मोल्ट्री किल्ल्यावर मारा करणारी चिलखती जहाजे टिपली. प्रत्यक्ष चालू लढाईच्या सर्वांत जुन्या छायाचित्रांत त्यांची गणना होते. जहाजे दूर आहेत, पण मारा खरा आहे.

व्हर्जिनियातील पीटर्सबर्गसमोर २१ जून १८६४ रोजी घेतलेले कूपर बॅटरीचे, म्हणजे तोफांच्या एका तुकडीचे, चित्र मात्र ‘लढतानाचे’ म्हणून खपत आले. त्यात गोलंदाज तोफांपाशी आपापल्या जागी उभे आहेत आणि छायाचित्रकार मॅथ्यू ब्रॅडी स्वतःही दिसतात. ही मांडणी कॅमेऱ्यासाठी केलेली होती. तोफेवर प्रत्येकाची जागा आणि काम कवायतीने ठरलेले असते, कोणी तोफ ठासायचा गज धरायचा, कोणी गोळा आणायचा. त्यामुळे ‘थांबा’ म्हटले तरी चित्र लढाईचेच भासते. पायदळाला असे उभे केले असते तर नाटक लगेच उघडे पडले असते. या तोफा सज्ज झालेल्या पाहून शत्रूनेच मारा सुरू केला, अशीही एक आठवण सांगितली जाते.

वृत्तपत्रांना तेव्हा छायाचित्र थेट छापता येत नसे. ते लाकडी ठशावर कोरून घेत, आणि मूळ काचेवर नसलेला धूर अन् स्फोट कोरणाऱ्याच्या हातून चित्रात येऊ शके. जिलेटिनच्या कोरड्या काचा बाजारात आल्यावर १८८० च्या दशकात अंधाऱ्या तंबूची सक्ती सुटली आणि सेकंदाच्या अंशात चित्र घेता येऊ लागले.