गोखले, कमलाबाई
(सु. १९००–सु. १९९८). भारतीय चित्रपटातील अगदी पहिल्या अभिनेत्रींपैकी एक आणि मराठी रंगभूमीवरील नटी. माहेरचे आडनाव कामत. जन्मवर्ष १९०० किंवा १९०१ असे दिले जाते. आई दुर्गाबाई कामत पतीपासून विभक्त झाल्यावर लहान मुलीला घेऊन फिरत्या नाटक मंडळीत दाखल झाल्या. कुलीन म्हणवणाऱ्या घरांतील बाईने नाटकात जाणे तेव्हा अब्रू घालवण्यासारखेच होते. कमलाबाईंचे बालपण रंगपटातच गेले. शाळा अशी झाली नाही.

दादासाहेब फाळके यांना ‘राजा हरिश्चंद्र’साठी (१९१३) स्त्री नट मिळाली नाही. वेश्यावस्तीतही त्यांना नकारच आला, तेव्हा उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. चित्रशाळा नाशिकला हलवल्यावर ‘मोहिनी भस्मासुर’ या पुढच्या चित्रपटासाठी फाळके यांनी रघुनाथराव गोखले यांच्या चित्ताकर्षक नाटक मंडळीतून मायलेकींना घेतले. दुर्गाबाई पार्वती झाल्या, तर जेमतेम तेरा-चौदा वर्षांच्या कमलाबाई मोहिनी. कथेचा सारा भार मोहिनीच्या नृत्यावर आहे : तिच्या हावभावांची नक्कल करता करता भस्मासुर स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवतो. मूकपटाला सोयीचीच गोष्ट. मोहिनी हे विष्णूने घेतलेले स्त्रीरूप असल्याने पडद्यावरची पहिली खरी नायिका मुळात एका पुरुष देवाचे सोंग वठवत होती, याकडे सहसा लक्ष वेधले जात नाही.

चित्रपटाचे वर्ष बहुतेक सूचींत १९१३ आहे. काही अभ्यासक मुंबईतील प्रदर्शन जानेवारी १९१४ मधले मानतात. पहिला आकडा निर्मितीचा आणि दुसरा प्रदर्शनाचा धरला, तर दोन्हींत विरोध उरत नाही.

‘पहिली अभिनेत्री’ कोण, हा वाद मात्र मिटलेला नाही. दोघी एकाच चित्रपटात असल्याने अग्रक्रम ठरवायचा तो वयावरून किंवा भूमिकेच्या वजनावरून. वयाचा निकष लावणारे दुर्गाबाईंना पहिली अभिनेत्री आणि कमलाबाईंना पहिली बालनटी म्हणतात; परंतु मोहिनी ही बालभूमिका नव्हे, म्हणून कमलाबाईंना पहिली नायिका म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते. दोघींच्या नोंदींत तारखांचीही सरमिसळ झालेली दिसते. काही ठिकाणी दुर्गाबाईंचे मृत्युवर्ष १९९७ दिले आहे. त्यांचा जन्म १८७९ च्या सुमाराचा धरल्यास त्यांचे वय ११८ च्या घरात जाते. मुलीच्या मृत्यूविषयीची माहिती आईच्या नावावर चढली असण्याचाच संभव अधिक.

‘मोहिनी भस्मासुर’ने स्त्रियांना पडदा खुला झाला, असे सरसकट लिहिले जाते. ते तितकेसे खरे नाही. फाळके यांच्याच ‘लंकादहन’मध्ये (१९१७) राम आणि सीता या दोन्ही भूमिका साळुंके यांनी केल्या. रंगभूमीवर तर स्त्रीपार्टी नटांचा (स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषांचा) जम पुढेही कायम होता. नाट्यमन्वंतर या नाट्यसंस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकाने (१९३३) स्त्रीभूमिका स्त्रियांकडे सोपवल्या, ही गोष्ट वीस वर्षांनंतरची. दुर्गा खोटे बोलपटातील तारामती झाल्या तेही १९३२ साली (‘अयोध्येचा राजा’).

पुढे रघुनाथराव गोखले यांच्याशी कमलाबाईंचा विवाह झाला आणि मंडळीचे बिऱ्हाड हेच त्यांचे घर बनले. पंचविशीच्या आसपास वैधव्य आले. पदरी तीन मुलगे होते. त्यांना वाढवण्यासाठी त्यांनी नाटक सोडले नाही. स्त्रीवेशातील पुरुषांच्या त्या काळात त्या रंगमंचावर पुरुषभूमिकाही करीत. बोलपटांच्या आरंभकाळात ‘देवी देवयानी’ (१९३१), ‘अंबरीश’ (१९३४) अशा चित्रपटांत त्या दिसतात. त्यांच्या चित्रपटांची संख्या पस्तीसच्या आसपास सांगितली जाते; अखेरच्यांपैकी एक ‘गहराई’ (१९८०).

मुलांपैकी चंद्रकांत गोखले (१९२१–२००८) नट म्हणून नावारूपाला आले. लालजी आणि सूर्यकांत हे तबलावादक. विक्रम गोखले (१९४५–२०२२) हे चंद्रकांतांचे पुत्र. रीना मोहन यांनी कमलाबाईंवर त्यांच्याच नावाचा अनुबोधपट केला. त्यात वार्धक्याने थकलेल्या कमलाबाई स्वतःच्या आठवणी सांगतात.