ओपन वर्ल्ड वेगळं, सँडबॉक्स वेगळा: ठरलेलं ध्येय लागणाऱ्याने काय खेळावं?

"पुढे काय करायचं ते मला समोर दिसायला लागतं. मग ठोकळे खणून-रचून हवं ते बांधायच्या माइनक्राफ्टसारखा गेम मला झेपेल का?" गेमिंगच्या गप्पांत हा प्रश्न सतत निघतो आणि त्यावर दोन ठरावीक उत्तरं येतात. एक, "सँडबॉक्सच्या वाटेला जाऊ नकोस, एखादा ओपन वर्ल्ड घे, तिथे मिशन असतात." दुसरं, "ओपन वर्ल्ड काय नि सँडबॉक्स काय, सगळं एकूण एकच. तू आपले लेव्हलवाले गेम खेळ." पहिल्या उत्तरात निदान अर्धं तथ्य आहे. दुसऱ्यात तेवढंही नाही.

ओपन वर्ल्ड म्हणतो तेव्हा आपण जागेबद्दल बोलत असतो. लेव्हलच्या भिंती नाहीत, लांबवर दिसणारा डोंगर नुसतं चित्र नाही, तिथवर चालत जाता येतं. सँडबॉक्स म्हणतो तेव्हा कामाबद्दल बोलत असतो. गेम साधनं देतो, नियम देतो, आणि त्यांचं काय करायचं हे बरंचसं खेळणाऱ्यावर सोडतो. एकाच गेममध्ये दोन्ही असू शकतं. माइनक्राफ्टमध्ये आहेच, आणि गल्लत तिथूनच सुरू होते.

दोन्ही सुटी करून पाहायची तर 2002 सालचा 'माफिया' घ्या. लॉस्ट हेवन नावाचं अख्खं शहर, रस्ते, पूल, सिग्नल तोडला की मागे लागणारे पोलीस, सगळं आहे. पण कथा एका रुळावरून चालते. या मिशननंतर ते मिशन, बस्स. नुसतं गाडी घेऊन भटकायचं असेल तर त्यासाठी 'फ्री राइड' हा वेगळा मोडच ठेवलेला आहे. जग मोकळं, खेळ मात्र बांधलेला. आता 1989 चा 'सिमसिटी' पाहा. नकाशा एवढासा, फिरायला तर काहीच नाही, कारण तुम्ही वरून शहराकडे बघत असता. तरी तो पक्का सँडबॉक्स. रस्ते टाका, वीज पोचवा, कर वाढवा. गेम कुठेही 'जिंकलात' म्हणत नाही. जिंकणं-हरणंच नाही म्हटल्यावर तो विकायचा कसा, असा पेच सुरुवातीला प्रकाशकांनाही पडला होता. गंमत म्हणजे याच सिमसिटीत ध्येयवाल्यांची सोयही केलेली होती: भूकंपानंतरचं 1906 चं सॅन फ्रान्सिस्को सावरा, 1965 च्या बर्नमधली वाहतुकीची कोंडी सोडवा, 1972 च्या डेट्रॉइटमधली गुन्हेगारी आटोक्यात आणा, तीही ठरलेल्या मुदतीत. म्हणजे 'मला काम सांगा' म्हणणारा खेळाडू सिमसिटीचा कर्ता विल राइटच्या टेबलावरही बसलेला होताच.

त्याच्याही आधी, 1984 च्या 'एलीट'मध्ये आठ आकाशगंगा होत्या, प्रत्येकीत 256 ग्रह, आणि कथा जवळपास शून्य. व्यापार करा, चाचेगिरी करा, कुणी विचारत नाही. पण पडद्यावर तुमची पायरी दिसायची, 'हार्मलेस'पासून 'एलीट'पर्यंत, आणि शेवटच्या पायरीला 6400 जहाजं पाडावी लागायची. अनेकांना त्या एका शब्दाने महिनोन्‌महिने खिळवून ठेवलं.

तेव्हा नकाशा किती मोठा आहे यावरून काहीच ठरत नाही. 2016 चा 'हिटमॅन' तर ओपन वर्ल्डही नाही. सुट्या सुट्या जागा आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी कुणाला संपवायचं त्याचं नाव-फोटो सुरुवातीलाच हातात मिळतं. पण कसं, हे पूर्ण तुमच्यावर. वेटरचे कपडे चढवा, पेयात विष कालवा, झुंबर पाडा. ध्येय अगदी पक्कं आणि वाट पूर्ण मोकळी. ज्यांना 'मोकळे गेम' आवडत नाहीत असं वाटत असतं, त्यांतल्या बऱ्याच जणांचं वाटेच्या मोकळेपणाशी काही भांडण नसतं. त्यांचं भांडण मुक्काम नसण्याशी असतं.

आणि इथे ओपन वर्ल्ड घेण्याचा सल्ला गोत्यात येतो. ध्येय आवडणाऱ्याला खरं तर काय हवं असतं? आता काय करायचं ते कळावं, आपण पुढे सरकतोय हे दिसावं, आणि संपलं की संपलं म्हणता यावं. मोठे ओपन वर्ल्ड गेम पहिली गोष्ट इतकी भरभरून देतात की तिसरी हाती लागत नाही. 2007 च्या 'असॅसिन्स क्रीड'पासून उंच मनोऱ्यावर चढायचं आणि आसपासचा नकाशा उघडायचा ही रीत पडली. 'फार क्राय 3'ने 2012 साली तीच रेडिओ टॉवरवर नेली. मनोरा चढलात की नकाशावर चिन्हांचा पाऊस. इथे पेटी, तिथे शर्यत, पलीकडे छावणी. एक ना धड, भाराभर चिंध्या. ज्याला यादी पुरी केल्याशिवाय चैन पडत नाही तो मुख्य कथा सोडून ही चिन्हं पुसत बसतो आणि चाळिसाव्या तासाला त्याच्या लक्षात येतं की आपण नुसत्या पाट्या टाकतोय. 'विचर 3'मध्ये जिला शोधायचं त्या सिरीचा जीव टांगणीला लागलेला असतो आणि आपण गुत्त्यात बसून ग्वेंट नावाच्या खेळाचे पत्ते पिसत असतो. मला तो गेम अतोनात आवडतो, पण त्याच्या कथेतली घाई त्याच्या नकाशाला मुळीच माहीत नाही.

'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' (2017) याबाबतीत शहाणा निघाला. सुरुवातीच्या पठारावरून खाली उतरलात की मुख्य काम एका ओळीत सांगून मोकळा: गॅनन या खलनायकाला संपवा. किल्ला समोर दिसतो, हिंमत असेल तर थेट जा. बाकीचं सगळं, 120 श्राइन (कोड्यांची छोटी देवळं) धरून, त्या एका कामाची तयारी. आणि जे नकाशात लपवलेली 900 कोरोक बीजं हट्टाने गोळा करतील त्यांना बक्षीस म्हणून सोनेरी शेणाचा गोळा वाटावा अशी एक वस्तू मिळते. यादीबहाद्दरांची इतकी प्रेमळ थट्टा दुसऱ्या कुणी केल्याचं मला आठवत नाही.

आता सँडबॉक्सकडे. माझं मत असं, की ध्येय आवडणाऱ्याला चांगला सँडबॉक्स पुष्कळदा ओपन वर्ल्डपेक्षा जास्त मानवतो. अट एकच, त्यात शिडी असली पाहिजे. कारखाना उभारायचा 'फॅक्टोरिओ' हे त्याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण. 2020 मध्ये त्याची 1.0 आवृत्ती आली. अनोळखी ग्रहावर तुम्ही अडकलेले, हाती कोळशावर चालणारं एक ड्रिल आणि एक दगडी भट्टी. शेवटचं काम: रॉकेट उडवा. मधलं कुणी सांगत नाही, आणि सांगावंही लागत नाही. संशोधनासाठी लाल रंगाचे सायन्स पॅक लागतात. एका पॅकला तांब्याचा एक पत्रा आणि लोखंडाचं एक गिअर, गिअरला लोखंडाचे दोन पत्रे. हाताने दहा-बारा केलेत की कंटाळा येतो, म्हणून यंत्र बसवता. मग हिरवा पॅक: त्याला एक इन्सर्टर (माल उचलून ठेवणारा यांत्रिक हात) आणि एक पट्टा (माल वाहणारा कन्व्हेयर). इन्सर्टरला सर्किट, सर्किटला तांब्याची तार. तार पुरेना म्हणून तांब्याची दुसरी खाण, खाणीला वीज, विजेला बॉयलर, बॉयलरला कोळसा, आणि कोळशाच्या वाटेवर किड्यांची वसाहत. हे सगळं चालू असताना 'मी आता काय करू?' हा प्रश्न एकदाही पडत नाही. उलट एका कामासाठी उठलो होतो आणि वाटेत चार कामं निघाली, अशी अवस्था असते. पट्टा रिकामा धावताना दिसला की तोच तुमचा हुकूम. मिशन देणारं पात्र नाही, नकाशावर उद्गारचिन्ह नाही, तरी हातातलं काम कमालीचं स्पष्ट. धोका असलाच तर झोपेला.

'टेरारिया'ची शिडी बॉसची, म्हणजे एकाहून एक बलाढ्य शत्रूंची आहे. एकेक बॉस पाडला की नवा धातू, नवी हत्यारं, आणि 'वॉल ऑफ फ्लेश' पडली की जगच हार्डमोडमध्ये, म्हणजे जास्त अवघड टप्प्यात जातं. सर्वांत वर मून लॉर्ड. शिवाय गाइड नावाचं पात्र सुरुवातीपासून सोबत असतं. हातातली वस्तू त्याला दाखवली की तिच्यापासून काय काय बनतं ते तो सांगतो. 'स्टारड्यू व्हॅली'त शेती हवी तशी करा, पण कम्युनिटी सेंटरमधली बंडलं (ठरावीक वस्तूंचे संच) पुरी करायची यादी आहे आणि तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला आजोबा येऊन तुमच्या शेताचा हिशेब मांडतात.

माइनक्राफ्टचं प्रकरण जरा तिरकं आहे. त्यात शेवट आहे, पण गेम तो लपवून ठेवतो. पहिल्या दिवशी अडचण नसते. तिथला दिवस-रात्र मिळून वीस मिनिटांचा, अंधार पडला की झाँबी येणार, त्यामुळे झाड तोडा, फळ्या करा, कुदळ करा, डोंगरात बीळ खणून दडी मारा, हे सगळं आपसूक होतं. खरी गोची नंतर. घर झालं, शेत झालं, लोखंडी चिलखत झालं, पुढे काय? पुढे ऑब्सिडियनची चौकट उभारून नेदर नावाच्या पाताळात उतरायचं, तिथल्या ब्लेझ या शत्रूंकडून कांड्या मिळवायच्या, त्यांची पूड आणि एंडरमन या दुसऱ्या शत्रूचा मोती मिळून 'आय ऑफ एंडर' करायचा, तो हवेत फेकून तो जाईल त्या दिशेने चालत राहायचं, जमिनीखालचा स्ट्राँगहोल्ड हा किल्ला शोधायचा आणि पोर्टलच्या 12 खाचांत हे डोळे बसवायचे. पलीकडे एंडर ड्रॅगन. हे नुसतं खेळून उमगणारा विरळा. बहुतेकांना विकी किंवा मित्र लागतो. 2017 च्या जावा आवृत्ती 1.12 पासून ॲडव्हान्समेंटची, म्हणजे गेममधल्या टप्प्यांची, फांद्याफांद्यांची यादी आली, तिने बरीच सोय केली. ध्येय लागणाऱ्याने ती पहिल्याच दिवशी उघडून ठेवावी. कुणी काहीही म्हणो, ती बघणं म्हणजे फसवणूक नव्हे. ड्रॅगन पडल्यावर श्रेयनामावलीही येते, म्हणजे 'संपला' म्हणायला अधिकृत परवानगी आहे.

एकाच गेममध्ये दोन्ही स्वभावांची सोय पाहायची तर रॉकेटं बांधून उडवायचा 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम'. सँडबॉक्स मोडमध्ये सगळे सुटे भाग पहिल्या मिनिटापासून उघडे. करिअर मोडमध्ये पैसे, प्रतिष्ठा आणि कंत्राटं सांभाळायची. मधला सायन्स मोड मला सर्वांत चांगला वाटतो: पैशाची कटकट नाही, पण नवे भाग मिळवायचे तर प्रयोग करायला अवकाशात जावंच लागतं. मुनवर (तिथल्या चंद्रावर) उतरायचंय हे तुम्हीच ठरवता, पण का उतरायचं याचं कारण गेम पुरवतो.

काही गेम मात्र अशा खेळाडूने सरळ सोडून द्यावेत. 'टाउनस्केपर'मध्ये समुद्रात टुमदार घरं उगवत राहतात, त्यापलीकडे काही नाही आणि असावं असा त्याचा दावाही नाही. 'ड्वॉर्फ फोर्ट्रेस'च्या चाहत्यांचं ब्रीदच 'हरण्यातच मजा' असं आहे. ज्याला मुक्काम गाठायचाय त्याला हे पहिल्या पुरात वसाहत बुडाल्यावर पटणं अवघड. 2016 मध्ये 'नो मॅन्स स्काय' आला तेव्हा आकाशगंगेच्या मध्यापर्यंत जाणं हे ध्येय होतं खरं. तिथे पोचलेल्यांना पुढची आकाशगंगा मिळाली.

"मग स्वतःच ध्येय ठरव ना" हा सल्ला चुकीचा नाही, पण तो देणाऱ्याला ध्येयवाल्याचा स्वभाव कळलेला नसतो. स्वतः ठरवलेलं ध्येय रात्री अकरा वाजता स्वतःच रद्द करता येतं. त्याला वजन नसतं. वजन येतं ते गेमने किंवा माणसाने लादलेल्या बंधनामुळे. माइनक्राफ्टच्या हार्डकोअर मोडमध्ये एकच जीव मिळतो. मेलात की त्या जगात नुसतं प्रेक्षक म्हणून फिरा. त्या एका अटीने साधी शेतीही जिवावरची गोष्ट होते. मित्रांच्या सर्व्हरचंही तसंच. "शनिवारपर्यंत आपोआप लोखंड देणारा फार्म उभा राहिला पाहिजे, मला रेल्वे टाकायचीय" असं कुणी म्हटलं की मिशन तयार झालंच, आणि ते देणारा माणूस शनिवारी विचारायलाही येतो.

पैसे घालण्याआधी चाचपून पाहायचं असेल तर फॅक्टोरिओचा फुकट डेमो आहे. त्यात कामं नेमून दिलेली आहेत, त्यामुळे ध्येयवाला बुजत नाही. तो संपल्यावर ते पट्टे जरा नीट मांडायला हवे होते असं डोक्यात घोळत राहिलं, तर पुढचा मोकळा खेळ खुशाल घ्यावा. आणि डेमो संपला, छान झालं, एवढंच वाटलं तर हिटमॅन घ्यावा. त्यात फोटो आधीच हातात असतो.