कल्चर रिपोर्टवर 'ईएसबीएल' लिहून आलंय?

लघवीचा कल्चर रिपोर्ट (लघवीतले जंतू वाढवून त्यांच्यावर कुठलं औषध चालतं ते बघणारी तपासणी) हातात पडला की आमच्या लॅबच्या काउंटरवर हमखास विचारलं जातं, "यातली निम्मी औषधं मी आयुष्यात घेतली नाहीत, मग त्यांच्यापुढे 'आर' कसा?" समजावून सांगेपर्यंत मागे रांग लागते, म्हणून हे पत्रक.

'आर' म्हणजे रेझिस्टंट. औषधाला दाद देत नाही तो जंतू; तुमचं शरीर नव्हे. लघवीच्या संसर्गात बहुतेक वेळा ई. कोलाय सापडतो, एरवी आतड्यात मुकाट राहणारा. मुख्य गुणसूत्राखेरीज त्याच्याकडे डीएनएची एखादी छोटी गोल कडी असू शकते. तिला प्लाझमिड म्हणतात. दोन जंतू चिकटले की एक जण या कडीची नक्कल दुसऱ्याला देतो आणि मूळ प्रत स्वतःकडे ठेवतो. घेणारा वेगळ्या जातीचा, समजा क्लेबसिएला, असला तरी अडत नाही. एकाच कडीवर अनेक औषधांविरुद्धची जनुकं असू शकतात, त्यामुळे एका देवघेवीत जंतू चार-पाच औषधांना एकदम पुरून उरतो.

हे जपानमध्ये १९५०च्या दशकात उघड झालं. तिथे आमांशाचे शिगेला जंतू सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि टेट्रासायक्लिन या चौघांनाही जुमानेनासे झाले होते.

'ईएसबीएल' (एक्स्टेंडेड-स्पेक्ट्रम बीटा-लॅक्टमेज) हे असंच, बहुधा प्लाझमिडवरून आलेलं विकर, म्हणजे एन्झाइम. ते सेफिक्झिम, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसारखी औषधं तोडून टाकतं. त्यातला जगभर पसरलेला सीटीएक्स-एम-१५ हा प्रकार पहिल्यांदा नोंदला गेला तो भारतातल्याच जंतूंमध्ये, २००१ साली. घरात उरलेल्या सेफिक्झिमच्या गोळ्या अशा वेळी कामाच्या नाहीत.

'एस' म्हणजे सेन्सिटिव्ह; ते लिहिलेली औषधं चालण्याजोगी. पण 'एस' दिसलं म्हणून परस्पर मेडिकलमध्ये जाऊ नका. नायट्रोफ्युरँटॉइन मूत्राशयापुरतं ठीक, संसर्ग किडनीपर्यंत गेला असेल तर उपयोगाचं नाही. ही निवड तुमच्या डॉक्टरांची.

नमुना शक्यतो अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी द्या. सुरुवातीची धार सोडून मधली घ्या, डबी आमच्याकडूनच न्या आणि दोन तासांत आणून द्या. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवा. जंतू वाढायला एक रात्र लागते, औषधांच्या चकत्या लावून बघायला आणखी एक. "जास्त पैसे घ्या, पण आजच द्या" असं कुणीकुणी म्हणतं. आमची ना नाही, जंतू ऐकत नाहीत.