हवा काढून घेतली तर चेंडू आखूड पडतो

व्यावसायिक गोल्फपटूने ड्रायव्हरने, म्हणजे सर्वांत लांब टोल्याच्या काठीने, टोला हाणला की चेंडू ताशी सुमारे २७५ किलोमीटर वेगाने सुटतो. म्हणजे सेकंदाला ७६ मीटर. सुटताना जमिनीशी त्याचा कोन असतो जेमतेम अकरा अंश. अकरावीच्या पुस्तकातलं प्रक्षेप्य गतीचं सूत्र ज्यांना अजून आठवतंय त्यांनी हे दोन आकडे त्यात घालून बघावेत. ‘हवेचा रोध नगण्य माना’ ही आपली नेहमीची अट पाळली तर उत्तर येतं साधारण २२० मीटर, आणि चेंडू हवेत राहतो तीन सेकंद. प्रत्यक्ष स्पर्धेत तोच चेंडू सहा सेकंदांहून जास्त वेळ हवेत असतो आणि अडीचशे मीटर ओलांडून मग पहिला टप्पा घेतो. सूत्राप्रमाणे त्याने अकरा मीटरपर्यंत चढायला हवं होतं. तो तीस मीटरच्या वर जातो.

सूत्र बरोबर आहे. घोडं पेंड खातं ते ‘नगण्य माना’मध्ये. रोध म्हटला की तो अंतर कमीच करणार, असं आपण गृहीत धरून बसलेलो असतो. इथे चेंडू लांब जातो तो हवा आहे म्हणून. (निर्वात जागेत पंचेचाळीस अंशांत मारला तर तो अर्थातच याहून कितीतरी लांब जाईल, पण ड्रायव्हरने पूर्ण ताकदीचा टोला तसा मारताच येत नाही.)

हे कोडं पहिल्यांदा नीट सोडवलं ते पीटर गथ्री टेट या स्कॉटिश प्राध्यापकाने. एडिनबरा विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवायचं आणि सवड मिळाली की सेंट अँड्र्यूजला गोल्फ खेळायचं, असा त्यांचा क्रम. छंद किती मुरलेला होता? अंधारात खेळता यावं म्हणून चेंडूंना फॉस्फरस लावून त्यांनी रात्रीचा डाव मांडला होता, आणि त्यात एका सहकारी प्राध्यापकाचा हातमोजा पेटला. त्यांचा मुलगा फ्रेडी तर १८९६ आणि १८९८ अशी दोन वर्षं ब्रिटिश अमॅच्युअर स्पर्धेचा विजेता. घरातच असा खेळाडू असल्यावर निरीक्षणाला तोटा नव्हता.

टेट यांना खटकलं ते चेंडूचं हवेत राहणं. इतका वेळ तो वर टिकतो याचा अर्थ काहीतरी त्याला उचलून धरतंय. त्यांचा तर्क होता की चेंडू उलटा, म्हणजे खेळाडूच्या दिशेने, फिरत जातो आणि त्या फिरकीमुळे त्याला वर ढकलणारं बल मिळतं. आता फिरकी मोजायची कशी? त्या काळी ना रडार, ना वेगवान कॅमेरा. त्यांनी चेंडूला एक लांब फीत लावली, तिचं दुसरं टोक जमिनीपाशी पक्कं केलं आणि चेंडू समोरच्या ओल्या चिकणमातीत मारायला लावला. मग फितीला किती पीळ पडले ते मोजले. इतका स्वस्त आणि इतका चोख प्रयोग भौतिकशास्त्रात क्वचित सापडतो. तरुणपणी त्यांनाही सगळ्यांसारखं हेच शिकवलं होतं की चेंडूला फिरकी देणं वाईट. खरा प्रकार उमगला तेव्हा खेळात त्याचा फायदा घ्यायचं वय निघून गेलं होतं, याची त्यांना हळहळ वाटत असे.

पुढे इलेक्ट्रॉनचा शोध लावणारे जे. जे. थॉमसन यांनी १९१०मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये गोल्फच्या चेंडूवर अख्खं व्याख्यान दिलं. सभागृहात टोला मारून दाखवणं शक्य नव्हतं. त्यांनी विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांतून इलेक्ट्रॉनांचा झोत वळवला आणि चेंडूच्या वाटा श्रोत्यांना त्या झोतातून दाखवल्या.

आता हे उचलणारं बल येतं कुठून ते पाहू. उलट्या फिरकीत चेंडूचा वरचा पृष्ठभाग मागे, म्हणजे अंगावरून जाणाऱ्या हवेच्याच दिशेने सरकत असतो. खालचा पृष्ठभाग हवेच्या विरुद्ध जातो. त्यामुळे वरची हवा चेंडूला जास्त वेळ लगटून राहते आणि खालची लवकर सुटते. मागे सुटलेला हवेचा लोट खाली झुकतो. चेंडूने हवेला खाली ढकललं तर हवा चेंडूला वर ढकलणारच. ड्रायव्हरने मारलेला चेंडू मिनिटाला अडीच हजारांच्या आसपास गिरक्या घेतो, आणि सुरुवातीच्या क्षणी त्याला वर उचलणारं बल त्याच्या वजनाहून जास्त भरतं. म्हणून चांगल्या ड्राइव्हची वाट सुरुवातीला सरळही नसते, ती वरच्या बाजूला किंचित वळते.

पण नुसत्या फिरकीने भागत नाही. त्याच क्षणी हवेचा रोध वजनाच्या दुपटीहून अधिक असतो, आणि चेंडू गुळगुळीत असता तर तो आणखी साधारण दुप्पट झाला असता. खळग्यांचं काम इथे येतं. गुळगुळीत गोळ्याभोवतीचा हवेचा पातळ थर शांतपणे वाहतो आणि निम्मा गोळा पार करण्याच्या आतच पृष्ठभाग सोडून देतो. मागे रुंद, घुसळलेल्या हवेचा पट्टा राहतो आणि तो चेंडूला मागे खेचतो. खळग्यांमुळे हा थर मुद्दाम खवळतो. खवळलेल्या थरात बाहेरच्या वेगवान हवेची ऊर्जा मिसळते, म्हणून तो पृष्ठभागाला अधिक काळ धरून राहतो, आणि मागचा पट्टा अरुंद होतो. वेगवान गोलंदाजाच्या चेंडूची शिवण हेच करते, फक्त एका बाजूला. तिथे चेंडू स्विंग होतो, इथे सगळीकडून सारखे खळगे असल्याने तो लांब जातो. एकेक खळगा जेमतेम पाव मिलिमीटर खोल असतो आणि एका चेंडूवर ते साधारण तीनशे ते चारशे असतात. खोली किंचित बदलली तरी चेंडूची झेप बदलते.

हा शोध कुठल्या प्रयोगशाळेत लागलेला नाही. कातड्याच्या पिशवीत पिसं ठासून बनवलेले चेंडू मागे पडले आणि १८४८च्या सुमाराला गटापर्चा या झाडाच्या चिकाचे स्वस्त चेंडू आले. नवे, गुळगुळीत असताना ते हवेत गटांगळी खात. खेळून खेळून ओरखडे पडले की मात्र सुरेख उडत. खेळाडूंनी हे हेरलं आणि नव्या चेंडूवर हातोडीने खुणा ठोकायला सुरुवात केली. त्यानंतर उठावाचे नक्षीदार चेंडू आले, आणि १९०५मध्ये विल्यम टेलर या इंग्रज कारखानदाराने उठावाच्या जागी खळग्यांचं पेटंट मागितलं. टोल्यांनी झालेली झीज हेच या खळग्यांचं मूळ.

खळग्यांशी खेळून लबाडीही करता येते. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एका भौतिकशास्त्रज्ञाने आणि एका रसायनशास्त्रज्ञाने ‘पोलारा’ नावाचा चेंडू काढला. त्याच्यावर एका पट्ट्यातले खळगे खोल आणि बाकीचे उथळ होते, त्यामुळे तिरका निघालेला चेंडू आपोआप सरळ होई. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने १९८१मध्ये नियमच केला: चेंडू कसाही ठेवला तरी सारखाच उडाला पाहिजे. माझ्या मते योग्य केलं. स्लाइस गेला तर गोल्फमध्ये रडायला उरेल काय?

तर स्लाइस. हौशी खेळाडूंचं हे जुनाट दुखणं: उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू बऱ्यापैकी सरळ निघतो आणि मध्येच उजवीकडे वळून झाडीत घुसतो. पूर्वी शिकवायचे की चेंडू काठीच्या वाटेवर निघतो आणि मग फेस (काठीचा चेंडूला लागणारा सपाट भाग) जिकडे बघतोय तिकडे वळतो. प्रकार जवळपास उलटा आहे हे थिओडोर जॉर्गेन्सन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने गणिताने दाखवलं, आणि पुढे डॉपलर रडारच्या मोजणीतून ते पक्कं झालं. ड्रायव्हरच्या बाबतीत चेंडूची पहिली दिशा बहुतांशी फेस ठरवतो. वळण ठरतं ते फेस आणि काठीची वाट यांच्यातल्या अंतरावरून. चेंडूला ‘बाजूची फिरकी’ अशी वेगळी नसतेच. तो एकाच अक्षाभोवती फिरतो. फेस आणि वाट जुळले तर हा अक्ष आडवा राहतो आणि बल सरळ वर लागतं. ते जुळले नाहीत तर अक्ष कलतो आणि उचलणाऱ्या बलाचा थोडा हिस्सा बाजूला लागतो.

यातून दोन गोष्टी उलगडतात. एक, आठ नंबरचं आयर्न (तिरप्या फेसची, आखूड पल्ल्याची काठी) सरळ मारणाऱ्याचा ड्रायव्हर का भरकटतो? आयर्नचा फेस बराच तिरपा असतो, त्यामुळे उलटी फिरकी भरपूर मिळते आणि हाताच्या तेवढ्याच चुकीने अक्ष थोडासाच कलतो. ड्रायव्हरमध्ये ती फिरकी कमी, म्हणून तीच चूक अंगाशी येते. दुसरी जास्त क्रूर आहे. चेंडू उजवीकडे जातोय म्हटल्यावर काठ्या वाहणारा कॅडी सांगतो, ‘सर, थोडा लेफ्ट घ्या.’ सर डावीकडे तोंड करून उभे राहतात, हात आणखी डावीकडे झाडतात, पण फेस ध्वजाकडेच राहतो. फेस आणि वाट यांच्यातलं अंतर वाढतं. स्लाइस दुप्पट.

स्लाइसवर खात्रीचा उपाय एकच, चंद्रावर जाणं. फेब्रुवारी १९७१मध्ये अपोलो १४च्या अॅलन शेपर्डने नमुने गोळा करायच्या दांड्याला सहा नंबरच्या आयर्नचं डोकं जोडून तिथे दोन चेंडू मारले. अवजड पोशाखामुळे एकाच हाताने. पहिल्या प्रयत्नांत चेंडूपेक्षा धूळच जास्त उडाली, तेव्हा ह्यूस्टनहून फ्रेड हेजने टोमणा मारला की मला तर हा स्लाइस वाटला. हवाच नसल्याने तिथे स्लाइस होणं अशक्य, हे दोघांनाही ठाऊक असणारच. शेवटचा चेंडू ‘मैलोन्‌मैल’ गेल्याचं शेपर्डने गमतीत सांगितलं होतं. २०२१मध्ये जुन्या छायाचित्रांवर नव्याने काम करून अंतर काढलं गेलं: एक २४ यार्ड, दुसरा ४०.

पृथ्वीवर परत यायचं तर उंचीचा मुद्दा येतो. मेक्सिको सिटीच्या चापुल्टेपेक क्लबवर २०१७ ते २०२० या काळात मोठी स्पर्धा होत असे. समुद्रसपाटीपासून उंची २,३०० मीटरहून जास्त, हवेची घनता पाचव्या हिश्शाने कमी. चेंडू मात्र पाचव्या हिश्शाने जास्त लांब जात नाही, दहा टक्क्यांच्या थोडा पुढे जातो, कारण विरळ हवेत रोध घटतो तसं उचलणारं बलही घटतं. चेंबूरला खेळणारा पुण्यात येरवड्याच्या मैदानावर आला तर त्यालाही अडीचशे यार्डांच्या टोल्यावर चार-पाच यार्ड फुकट मिळतात. त्यावर बढाई मारू नये.

आणि पावसाळी ‘जड’ हवेबद्दल. दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, कारण पाण्याच्या रेणूचं वस्तुमान १८ आणि नायट्रोजनचं २८. फरक इतका किरकोळ की चेंडूवर तो जाणवतही नाही. पावसात खेळ बिघडतो तो फेस आणि चेंडू यांच्यामध्ये पाणी आणि ओलं गवत आल्यामुळे. फेसची पकड सुटते, आयर्नच्या फटक्याला फिरकी कमी मिळते आणि ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, पडलेला चेंडू थांबायचं नाव घेत नाही.

टीव्हीवर सामना बघताना पडद्यावर वेग, कोन, फिरकी आणि उंची असे आकडे येतात. बहुतेकांचं लक्ष वेगाकडे जातं. मी उंचीकडे बघायला सांगेन. व्यावसायिक खेळाडूने ड्रायव्हर मारो की आखूड आयर्न, चेंडूची सर्वोच्च उंची तीस मीटरच्या आसपासच असते. ड्रायव्हरला वेग भरपूर, कोन आणि फिरकी कमी. वेजला (सर्वांत तिरप्या फेसच्या काठीला) वेग कमी, कोन मोठा आणि फिरकी मिनिटाला नऊ हजारांच्या घरात. वेजचा चेंडू उभा खाली येतो आणि ग्रीनवर जागीच थबकतो.

अदिती अशोकचं टोकियो ऑलिंपिकमधलं यश मला म्हणूनच विशेष वाटतं. २०२१च्या ऑगस्टमध्ये ती चौथी आली, कांस्यपदक एका फटक्याने हुकलं. तिचा ड्राइव्ह आघाडीच्या खेळाडूंच्या मानाने बराच आखूड. प्रतिस्पर्धी जिथून आखूड आयर्नने ग्रीन गाठत होत्या, तिथे हिला लांब पल्ल्याच्या काठ्या घ्याव्या लागत, आणि त्यांचा चेंडू चपट्या कोनात उतरतो, पुढे पळतो. ही तूट तिने ग्रीनवर पटिंगने भरून काढली. चेंडू जमिनीवर घरंगळत असताना हवेला काही बोलता येत नाही.

टोले लांबत चालल्याची चिंता नियम करणाऱ्यांनाही आहे. जुन्या मैदानांवर पहिल्या टोल्याची जागा आणखी मागे सरकवायला वाव उरलेला नाही. चेंडूचं वजन जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम आणि व्यास कमीत कमी ४२.६७ मिलिमीटर या अटी आधीपासून आहेत. शिवाय यंत्राने मारून तपासताना तो ३१७ यार्डांपुढे (अधिक तीनची सूट) जाता कामा नये. डिसेंबर २०२३मध्ये नियम ठरवणाऱ्या दोन संस्थांनी, म्हणजे ब्रिटनमधली आर अँड ए आणि अमेरिकेची संघटना यांनी, जाहीर केलं की हद्द तीच राहील, पण चाचणीतला काठीचा वेग ताशी १२० मैलांवरून १२५ केला जाईल. म्हणजे आजचे बरेचसे चेंडू नापास. सर्वांत लांब मारणाऱ्यांचे त्यामुळे १३ ते १५ यार्ड कमी होतील, हौशी खेळाडूंचे फार तर पाच, असा या संस्थांचा अंदाज आहे. रोध आणि फिरकी दोन्ही वेगाबरोबर बदलत असल्याने जलद टोल्याला आवर घालायचा आणि सावकाश टोल्याला धक्का लावायचा नाही, असा चेंडू बनवणं हे कारखान्यांपुढचं नवं काम आहे. ते त्यांना चेंडूच्या गाभ्यात आणि त्या पाव मिलिमीटरच्या खळग्यांतच करायचं आहे.