बोगद्यासाठी खडकवेधन यंत्रांची निवड

बोगद्याच्या तोंडावर सुरुंगाची भोके पाडण्यासाठी कोणते यंत्र, दांडा व बिट (दांड्याच्या टोकाचा खडक फोडणारा भाग) घ्यावे हे ठरवणे. बोगद्याचा संपूर्ण छेद (आडवा काप) एकदम कोरणारी यंत्रे हा वेगळा विषय आहे.

यांत्रिक वेधनाच्या जनकत्वाबद्दल मतभेद आहेत. अमेरिकेत जे. जे. काउच यांनी १८४९ च्या सुमारास वाफेवर चालणारे आघाती यंत्र बनवले. त्यात दांडा पोकळ दट्ट्यातून (पिस्टनमधून) भाल्यासारखा खडकावर फेकला जाई. त्यांचे सहकारी जोसेफ फाउल यांनी थोड्याच काळात दांडा दट्ट्यालाच जोडला. नंतरची यंत्रे याच वाटेने गेल्याने फाउल यांचा दावा काहींना अधिक सबळ वाटतो. युरोपीय लेखनात हा मान बहुधा अभियंते सोमेये यांना मिळतो. त्यांची संपीडित हवेवरची यंत्रे आल्प्समधील फ्रेझ्यूस बोगद्यात (१८५७–७१) १८६१ पासून चालली. यंत्राची कल्पना आणि बोगद्यातील उपयोग वेगळे मोजले तर वाद बराच निवळतो. कल्पना अमेरिकेतली, बोगद्यातील उपयोग सोमेये यांचा; कारण बंदिस्त जागेत वाफ कोंडते, उलट यंत्रातून सुटलेली हवा मजुरांच्याच श्वासाला येते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील लेनर यांनी पोकळ दांड्याचे हातोडा-यंत्र आणले. भोकातील चुरा काढायला आधी त्यातून हवा सोडली, तेव्हा धुळीने मजूर बेजार झाले. मग पाणी आले.

लहान छेदात एअर लेगवरचे (हवेच्या दाबावर लांबणाऱ्या आधारपायावरचे) हातयंत्र पुरते. भोक साधारण ३०–४० मिमी. मोठ्या, लांब कामात जम्बोवरची (अनेक यंत्रे बसवलेल्या चाकांच्या गाड्यावरची) हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावरची, यंत्रे (१९७० च्या दशकापासून) घेतात. भोके ४३–५१ मिमी, कटमधील (आधी फोडायच्या मधल्या भागातील) सुरुंग न भरलेली रिकामी भोके साधारण ७५–१२५ मिमी. त्याच कामाला हवेच्या यंत्राच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याइतकीच ऊर्जा लागते, पण तेलगळती ओळखणारा मेकॅनिक हाताशी हवा. प्रत्येक स्फोटाआधी जम्बो मागे नेऊन उभा करायला जागा आहे का, हेही आधीच पाहावे.

खडकाची दाबक्षमता सगळेच मोजतात. बिटचा खर्च मात्र बराचसा क्वार्ट्झच्या प्रमाणावर ठरतो. बिटच्या तोंडावर कठीण धातूची गोल बटणे असतात; झिजलेल्या बटणावर चकचकीत सपाट ठिपका उमटतो. तो बटणाच्या व्यासाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा झाला की बिट धार लावायला काढावे, असा संकेत आहे. भेगाळ खडकात दांडा अडकतो. तिथे मागे खेचतानाही कापणारे, मागील कडेला दाते असलेले बिट घेतात आणि आघात कमी ठेवतात. चिकणमातीने बिटमधील पाण्याची छिद्रे बुजतात. मऊ खडकात नुसते फिरते वेधनही चालते.