नळाचे मीटर आणि गावाचे अर्थकारण

दिवसातून तासभर पाणी येणाऱ्या गावात नळाला मीटर बसवले, तर ते पाण्याआधी हवा मोजू लागते. चावीवाल्याने व्हॉल्व्ह उघडला, की रिकाम्या जलवाहिनीत साठलेली हवा पाण्याच्या लोंढ्यापुढे ढकलली जाते आणि मीटरचे चक्र फिरवत नळातून बाहेर पडते. म्हणूनच मीटरला विरोध करणारा नागरिक ‘आम्ही हवेचे पैसे का भरायचे?’ असे विचारतो, तेव्हा त्याचे म्हणणे भौतिकशास्त्राला धरूनच असते. मात्र मीटर नसेल, तर पाणीपट्टी सरसकट ठरते आणि टाकी भरून वाहत राहिली तरी कोणाच्या खिशाला झळ बसत नाही. परिणामी पाणी पुरत नाही आणि पुन्हा तासभरच सोडावे लागते.

हे चक्र सातारा जिल्ह्यात कराडलगतच्या मलकापूरने तोडले. सुमारे 30 हजार वस्तीच्या या गावाने पाणीपुरवठा योजना उभारणाऱ्या महाराष्ट्र जीवन प्राधिकरण या राज्याच्या संस्थेच्या मदतीने घरोघरी मीटर आणि चोवीस तास पाणी या दोन्ही गोष्टी एकत्रच आणल्या, कारण त्या एकमेकींवाचून चालत नाहीत. वाहिनी सतत भरलेली असेल, तर हवेचा प्रश्न उरत नाही आणि आतल्या दाबामुळे फुटक्या सांध्यातून पाणी बाहेर जाते, पण गटाराचे पाणी आत शिरत नाही. शिवाय, पहाटे दोन-तीन वाजता गाव झोपलेले असताना वाहिनीत जो प्रवाह दिसतो, त्यातला बहुतेक भाग गळतीचा असतो, त्यामुळे कोणत्या भागात खोदायचे हे अंदाजावर सोडावे लागत नाही. मलकापूरने घरात न शिरता रेडिओ संदेशाने वाचता येणारी मीटर घेतली आणि वापर वाढत जाईल तसा दर वाढत जाईल, अशी टप्प्यांची दरआकारणी ठेवली. चोवीस तास पाणी दिल्यावर लोक ते अधिक उधळतील, ही भीती स्वाभाविक होती. पण उद्या पाणी येणारच आहे याची खात्री पटली, की शिळे म्हणून कालचे पाणी ओतून देण्याची सवय सुटते, आणि उरलेले काम बिल करते.

पाण्याचा गावाच्या अर्थकारणाशी असलेला संबंध खाणावळ, लाँड्री किंवा दवाखाना चालवणाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही, कारण टँकरचा खर्च तोच सोसत असतो. 74व्या घटनादुरुस्तीने 1993 पासून राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीतील जे 18 विषय नागरी संस्थांसाठी नेमून दिले, त्यांत पाणीपुरवठ्याइतकेच स्पष्टपणे ‘आर्थिक आणि सामाजिक विकासाचे नियोजन’ही आहे. नियोजनाला लागणारा पैसा मात्र आटत गेला. महाराष्ट्रातील नगरपालिकांची जकात, म्हणजे हद्दीत येणाऱ्या मालावरचा कर, 1999 मध्ये बंद झाली, मुंबई महापालिकेची जुलै 2017 मध्ये वस्तू व सेवा करासोबत संपली, आणि दोन्हींच्या जागी राज्याकडून येणारी भरपाई आली. जकात गेल्याचे दुःख करण्याचे कारण नाही, नाक्यावरच्या रांगा कोणालाच परवडणाऱ्या नव्हत्या. पण हातात उरलेल्या घरपट्टीकडे तेवढ्या गांभीर्याने पाहिले गेले नाही, हे खरे आहे. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या अहवालानुसार भारतातील नागरी संस्थांचे उत्पन्न आणि खर्च दशकभर देशाच्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपी) एक टक्क्याच्या आसपासच रेंगाळले होते, तर ब्राझीलमध्ये हे प्रमाण 7.4 टक्के आहे.

मोजता येणे म्हणजे पत असणे, हे कर्जबाजारात तर लगेच दिसते. अहमदाबाद महापालिकेने 1998 मध्ये राज्य सरकारच्या हमीशिवाय 100 कोटी रुपयांचे कर्जरोखे विकले. पुणे महापालिकेने जून 2017 मध्ये 7.59 टक्के व्याजाने 200 कोटी उभे केले, तेही चोवीस तास पाणीपुरवठ्याच्या योजनेसाठी. पतमानांकन करणारी संस्था शहराची पुण्याई बघत नाही. द्विनोंदी पद्धतीने ठेवलेले आणि लेखापरीक्षण झालेले हिशेब, थकबाकीचे वय आणि वसुलीचे प्रमाण बघते. अर्थात पैसा उभा राहिला म्हणून वाहिन्या वेळेत पडतातच असे नाही. पुण्याची ही योजना ठरलेल्या मुदतीत पूर्ण झाली नाही.

याच न्यायाने पथविक्रेत्यांकडेही पाहता येईल. 2014 च्या कायद्याने दर पाच वर्षांनी किमान एकदा त्यांचे सर्वेक्षण करणे आणि शहराच्या पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के जागा त्यांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींना देणे बंधनकारक केले. 2020 मध्ये पीएम स्वनिधी योजनेतून 10 हजार रुपयांचे पहिले कर्ज देऊ केले गेले, तेव्हा सर्वेक्षणात नाव असलेल्या भाजीवाल्याजवळ पालिकेचा कागद होता. नाव सुटलेल्याला आधी शिफारसपत्रासाठी पालिकेचा उंबरा झिजवावा लागला.

क्षमता वाढवणे म्हणजे दोन दिवसांची कार्यशाळा, असा एक समज सरकारी वर्तुळात पक्का आहे. खरी अडचण मंजूर आकृतिबंधातील, म्हणजे पदांच्या आराखड्यातील, रिक्त जागांची आहे आणि त्याहून अधिक बदल्यांची: नगरपालिकेचा मुख्याधिकारी गाव समजून घेईपर्यंत त्याची बदली होते, आणि घरपट्टीसाठी उपग्रह-नकाशांवरून मिळकती शोधण्याचे काम बाहेरच्या कंपनीला दिलेले असल्यास ती जाताना फक्त अहवाल ठेवून जाते. नगरपालिकांमध्ये करमूल्यांकन दर चार वर्षांनी व्हायचे असते. त्यासाठी दर वेळी नवे सर्वेक्षण विकत घ्यायचे, की बांधकाम परवाना आणि भोगवटा प्रमाणपत्र देणाऱ्या टेबलावरून प्रत्येक नवी मिळकत त्याच आठवड्यात कर विभागाच्या नोंदवहीत जाईल अशी व्यवस्था लावायची, हे ठरवायला बाहेरचा सल्लागार लागत नाही; एक कायम नेमणुकीचा कर निरीक्षक आणि त्याला विचारणारी स्थायी समिती एवढे पुरते.